वाक्य आईचं, भूक त्याची

कर्जतकडे जाणाऱ्या लोकलनं कल्याण सोडलं की डब्यातला आवाज एकच गोष्ट तीनदा सांगतो. पुढील स्टेशन विठ्ठलवाडी. अगला स्टेशन विठ्ठलवाडी. नेक्स्ट स्टेशन विठ्ठलवाडी. रोज ये-जा करणाऱ्यांच्या कानांवरून तो निघून जातो. विठ्ठलवाडीत राहणाऱ्या एका चार वर्षांच्या मुलानं मात्र तो अख्खा उचलला आहे. शब्द उचलले, तीन भाषा उचलल्या, दोन वाक्यांमधला विराम उचलला आणि उद्घोषणा करणाऱ्या बाईंच्या स्वरातला ठेहरावसुद्धा. हा मुलगा ऑटिस्टिक आहे. ‘आई, घरी चल’ असं तो अजून म्हणत नाही. लग्नाच्या हॉलमध्ये बँड वाजायला लागला, माणसं वाढली, की तो दोन्ही हात कानांवर दाबतो आणि स्वच्छ, खणखणीत म्हणतो, ‘पुढील स्टेशन विठ्ठलवाडी.’

पाहुण्यांना कौतुक वाटतं. ‘गाडी-गाडी खेळतोय बघा!’ आई मात्र पर्स उचलते, कारण तिला कळलेलं असतं की आता घरी निघायला हवं. दर परतीच्या प्रवासात या वाक्यानंतर दोन-तीन मिनिटांत उतरायचं असतं आणि मग चालत आपलं घर, आपली खोली, बंद दार. त्या मुलाच्या अनुभवात या शब्दांच्या पलीकडे नेहमी घरच आलेलं आहे. म्हणून घर हवं असलं की तो ते शब्द काढतो. यात तर्क नाही असं कोण म्हणेल?

अशा मुलांच्या बोलण्याबद्दल आपल्याकडे सहसा दोनच शेरे ऐकू येतात: ‘बोलत नाही’ किंवा ‘काहीतरी असंबद्ध बोलतो’. त्यातलं असंबद्ध हे बहुतेकदा असंबद्ध नसतं. त्याचा संबंध दुसरीकडे कुठेतरी, महिन्या-दोन महिन्यांपूर्वीच्या एखाद्या दुपारी जुळलेला असतो, आणि तिथे आपण हजर नसतो, एवढंच.

ही गोष्ट पहिल्यांदा नीट नोंदवली ती बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातले बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी. १९४३ साली त्यांनी ११ मुलांवर, म्हणजे ८ मुलगे आणि ३ मुलींवर, जो लेख लिहिला, तिथून ऑटिझम हे निदान म्हणून वैद्यकात आलं. त्या ११ पैकी ८ जण बोलत होते, ३ बोलत नव्हते. बोलणाऱ्यांचं बोलणं ऐकून कॅनर चक्रावले. त्यांच्याकडे आलेला पहिला मुलगा होता मिसिसिपीतल्या फॉरेस्ट या छोट्या गावचा डोनाल्ड ट्रिपलेट. ‘हो म्हणालास तर खांद्यावर घेईन,’ असं वडिलांनी सांगितलं, तेव्हा डोनाल्ड ‘हो’ म्हणायला शिकला. पण त्यानंतर ‘हो’चा त्याच्यापुरता एकच अर्थ उरला: मला खांद्यावर घ्या. हाच डोनाल्ड पुढे बँकेत नोकरीला लागला, गोल्फ खेळला, एकटा देशोदेशी फिरला आणि २०२३ साली ८९ वर्षांचा होऊन गेला.

तीन वर्षांनी, १९४६ मध्ये, कॅनर यांनी नुसत्या या भाषेवर स्वतंत्र लेख लिहिला. माझ्या मते त्यांचं खरं थोरपण त्या लेखात आहे. पॉल नावाच्या पाच वर्षांच्या मुलाला त्यांनी दवाखान्यात बोलताना ऐकलं: कुत्र्याला बाल्कनीतून खाली टाकू नकोस. तिथे ना कुत्रा होता ना बाल्कनी. दुसरा कुणी डॉक्टर ‘निरर्थक बडबड’ असं लिहून मोकळा झाला असता. कॅनर यांनी आईला विचारलं. कळलं ते असं. तीन वर्षांपूर्वी लंडनच्या एका हॉटेलात उतरले असताना पॉल आपला खेळण्यातला कुत्रा पुन्हा पुन्हा बाल्कनीतून खाली फेकत होता. तो आणून आणून आई दमली आणि चिडून हे वाक्य बोलली. त्या दिवसापासून काहीही फेकायची ऊर्मी आली की पॉल हेच वाक्य स्वतःला ऐकवायचा आणि हात आवरायचा. म्हणजे ज्या वाक्यात कुणाला काही अर्थ दिसत नव्हता, ते वाक्य स्वतःला लगाम घालण्याचं त्याचं साधन होतं. याच पॉलला कुठेही सॉसपॅन दिसलं की एका बडबडगीताचे दोन शब्द तोंडात येत. तो दोन वर्षांचा असताना आई ते गाणं म्हणत होती आणि तेवढ्यात तिच्या हातून सॉसपॅन पडलं होतं.

असा उलगडा कॅनर यांना एकेका वाक्यासाठी करता आला, कारण त्यांनी मुलाला प्रश्न विचारण्याऐवजी घरच्यांना विचारले. हे काम आज कुठल्याही चाळीत, कुठल्याही फ्लॅटमध्ये होऊ शकतं, आणि होतंही. विठ्ठलवाडीच्या त्या आईनं एक वही केली आहे. डाव्या पानावर मुलाचं वाक्य, उजव्या पानावर ते आलं कुठून. ‘तीन झाल्या, बंद कर’ म्हणजे मिक्सर, ड्रिल, हॉर्न असा कुठलाही असह्य आवाज. मूळ, कुकरच्या शिट्ट्या. ‘काही नाही झालं, ऊठ’ म्हणजे कुणीतरी रडतंय, तो स्वतः किंवा शेजारची मुलगी. आणि ‘कुलूप लावलंत का?’ म्हणजे मला बाहेर जायचंय.

या तिसऱ्या वाक्यापाशी जरा थांबायला हवं. ‘लावलंत’ यातला शेवटचा त पाहा. चार वर्षांचं पोर कुणाला अहो-जाहो करतंय? कुणालाच नाही. बाहेर पडताना आई बाबांना हे विचारते आणि ती बाबांना अहो म्हणते. तो त तिचा आहे. वाक्य मुलाच्या तोंडून आलं तरी त्याच्या शेपटाला आई आणि बाबा दोघंही चिकटून आलेत.

मराठीत हे जागोजागी घडतं, आणि इंग्रजी बोलणाऱ्या मुलांवर लिहिलेल्या पुस्तकांत ते सापडणार नाही. आपलं क्रियापद बोलणाऱ्याचं लिंग सांगतं: मी येतो, मी येते. ते समोरच्याचं नातं सांगतं: आलास, आलीस, आलात. संबोधनं तर आहेतच: अरे, अगं, अहो. त्यामुळे उचललेलं वाक्य मराठीत आपल्या मालकाची खूण सांगत येतं. ऑटिस्टिक मुलगा दारातून निघताना ‘मी येते हं’ म्हणाला आणि संध्याकाळी त्यानंच ‘चल, मी आलो बघ’ म्हटलं, तर त्याला व्याकरण कळत नाही असा निष्कर्ष काढण्याची घाई नको. पहिलं वाक्य आईचं आहे, दुसरं बाबांचं. दोन्ही जशीच्या तशी ठेवलेली आहेत. बायकांमध्ये वाढणारे इतर लहान मुलगेही सुरुवातीला ‘मी येते’ म्हणतातच, पण ते थोड्याच काळात आपलं क्रियापद सर्वत्र बदलून घेतात. इथे बदल वाक्यावाक्यानं, सावकाश होतो.

आता ‘हो’ म्हणण्याबद्दल. कॅनर यांनी १९४३ मध्येच टिपलं होतं की ही मुलं होकार देताना प्रश्नच परत म्हणतात. बिस्किट हवं का? बिस्किट हवं का. झालं, होकार आला. इंग्रजीत हे लगेच खटकतं. मराठीत? आपण मोठी माणसंसुद्धा होकार देताना क्रियापदच परत म्हणतो की. ‘भूक लागली?’ ‘लागली.’ ‘पाणी हवं?’ ‘हवं.’ ‘येतोस?’ ‘येतो.’ पहिल्या दोन उत्तरांत काहीच बदलावं लागत नाही, तिथे मुलाचा प्रतिध्वनी अगदी बरोबर उत्तर ठरतो आणि कुणाला शंकाही येत नाही. तिसऱ्यात मात्र एका अक्षराचा फरक पडतो. ‘जेवलास?’ याला ‘जेवलो’ असं उत्तर हवं, आणि मूल म्हणतं ‘जेवलास’. सगळी अडचण क्रियापदाच्या त्या शेपटात आहे. दमल्यावर विठ्ठलवाडीचा हा मुलगा आईच्या मांडीवर डोकं टेकतो आणि तिचाच मायेचा सूर लावून विचारतो, ‘दमलास का रे, राजा?’ प्रश्न वाटतो, पण ते निवेदन आहे. वाक्य आईचं आणि थकवा त्याचा.

मी आणि तू यांची अशी अदलाबदल का होते, यावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. एकेकाळी असंही म्हटलं जाई की मुलाला स्वतःची जाणीवच नसते. ते कठोर होतं आणि कच्चंही होतं. साधा विचार करा. ‘पंखा’ हा शब्द कुणीही उच्चारला तरी पंखाच राहतो. ‘तू’ मात्र बोलणारा बदलला की बदलतो. मुलाला सगळे तू म्हणतात, मग त्याचं नाव तू का नसावं? हे कोडं बाकीची मुलं सोडवतात ती दुसऱ्यांची आपसातली बोलणी ऐकून: आई ताईला तू म्हणते, ताई आईला तू म्हणते, म्हणजे हा शब्द फिरता आहे. धाकटी भावंडं ही सर्वनामं थोरल्यांपेक्षा लवकर वापरायला लागतात असं युरिको ओशिमा-ताकाने यांच्या अभ्यासांत दिसलं, कारण त्यांना घरात अशी बोलणी आयती ऐकायला मिळतात. ज्या मुलाचं लक्ष माणसांच्या आपसातल्या बोलण्याकडे आपोआप वळत नाही, त्याच्या वाट्याला हा पुरावाच कमी येतो.

ऐकलेलं असं परत म्हणण्याला वाचा-उपचारतज्ज्ञ इकोलालिया म्हणतात. लगेच म्हटलं तर तात्कालिक, तासांनी, दिवसांनी, वर्षांनी म्हटलं तर विलंबित. हे सगळीच मुलं करतात. दीड-दोन वर्षांचं कुठलंही मूल आजोबांचं वाक्य जसंच्या तसं म्हणून घरादाराला हसवतं. साधारण तिसऱ्या वर्षापर्यंत ते विरत जातं. ऑटिस्टिक मुलांत ते जास्त असतं, लांब असतं, जास्त काळ टिकतं. आणि अनेक वर्षं ते बंद पाडणं हाच उपचार समजला जाई. पोपटपंची थांबली की खरं बोलणं येईल, अशी समजूत.

ती समजूत हलवली बॅरी प्रिझंट आणि जुडिथ ड्यूकन यांनी. १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या कामासाठी त्यांनी चार ऑटिस्टिक मुलांची घरातली आणि शाळेतली व्हिडिओ चित्रणं घेतली, त्यांतले १,००९ तात्कालिक प्रतिध्वनी वेगळे काढले आणि प्रत्येकाच्या आगेमागे मूल काय करत होतं ते पाहिलं. नजर कुठे गेली? हात कुठे गेला? स्वर उतरला की चढला? त्यांना सात वेगवेगळे उपयोग दिसले. मूल कधी संवादातली आपली पाळी भरून काढत होतं, कधी होकार देत होतं, कधी मागत होतं, आणि कधी ऐकलेलं स्वतःशीच घोळवून समजून घेत होतं. १९८४ मध्ये प्रिझंट आणि पॅट्रिक रायडेल यांनी विलंबित प्रतिध्वनींसाठी तसंच केलं, तेव्हा उपयोग निघाले चौदा. चौदा! ज्याला बडबड म्हणून खोडून काढायचं चाललं होतं, त्यात मागणी होती, निषेध होता, माहिती होती, दुसऱ्याला हाक मारणं होतं.

प्रत्येक प्रतिध्वनीत निरोप असतोच असं मात्र नाही. काही वाक्यं मूल नुसती चवीसाठी म्हणतं, किंवा घाबरलं की स्वतःला शांत करण्यासाठी. तेही काही कमी नाही. आपण जप कशासाठी करतो?

मग यातून स्वतःचं वाक्य तयार होतं तरी कसं? काही मुलं शब्दाला शब्द जोडत भाषेत शिरतात, तर काही अख्खी गाठोडी उचलतात आणि मग सावकाश सोडतात, असं भाषाशास्त्रज्ञ अ‍ॅन पीटर्स यांनी १९८३ च्या पुस्तकात मांडलं होतं. या कल्पनेवर उभारलेली एक उपचारपद्धती सध्या फार गाजते आहे. तिच्या परिणामांचा पुरावा अजून तोकडा आहे, आणि ‘प्रत्येक ऑटिस्टिक मूल असंच शिकतं’ असं कुणी ठामपणे सांगत असेल तर मी सावध राहीन. पण गाठोडं सुटण्याचा क्षण खरा आहे, तो घराघरांत दिसतो. अभ्यासक त्याला बदललेला प्रतिध्वनी म्हणतात. विठ्ठलवाडीच्या वहीत एका पानावर नुसतं लिहिलंय: ‘पुढील स्टेशन आजी.’ आजी राहते बदलापूरला. उल्हासनगर आणि अंबरनाथ गेलं की बदलापूर, हे त्याला पाठ आहे, तरी त्यानं बदलापूर म्हटलं नाही. रेल्वेच्या वाक्यातलं गावाचं नाव काढलं आणि तिथे आपलं माणूस बसवलं. असं वाक्य कुठल्याही स्टेशनवर कधी ऐकू आलेलं नाही. ते त्यानं केलं.

या मुलांच्या बोलण्याचा सूर ऐकण्यासारखा असतो. कुणी एकसुरी बोलतं, कुणी वाक्याच्या शेवटी भलतीकडेच चढतं, कुणी बातम्या सांगणाऱ्यासारखं. आणि नक्कल करताना शब्द पुसट होतात पण चाल शाबूत राहते. अजून एकही शब्द न बोलणारं मूल लोकलच्या उद्घोषणेची चाल बिनशब्दांची गुणगुणतं. लंडनमध्ये पामेला हीटन आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये संगीत न शिकलेल्या ऑटिस्टिक मुलांना एकेका स्वराशी एकेका प्राण्याचं चित्र जोडून दिलं. कोणता स्वर कोणत्या प्राण्याचा, हे त्यांच्या बरोबरीच्या इतर मुलांपेक्षा या मुलांना जास्त चांगलं आठवलं. दुसरीकडे सिअ‍ॅटलला पॅट्रिशिया कूल यांच्या गटानं २००५ मध्ये लहान ऑटिस्टिक मुलांना दोन आवाजांत निवड करू दिली: आया बाळाशी बोलतात ते लाडिक बोलणं, आणि त्याच्याच चढउतारांवर यंत्रानं केलेला बिनमाणसाचा ध्वनी. या मुलांचा कल यंत्राच्या ध्वनीकडे गेला. यावरून आईची हाक कोरडी जाते असं म्हणणं क्रूर होईल. पण लोकलमधला आवाज मुलाला का चिकटतो, याचा थोडा अंदाज येतो. तो दरवेळी तसाच असतो. आई ‘घरी चल’ हे दहा तऱ्हांनी म्हणते, कधी घाईत, कधी रागात, कधी फोनवर बोलता बोलता. उद्घोषणा कधी चिडत नाही, कधी बदलत नाही, आणि जे सांगते ते दोन मिनिटांत खरं होतं. शिकायला याहून भरवशाचं वाक्य कुठलं मिळणार?

अक्षरांचंही असंच. काही ऑटिस्टिक मुलं न शिकवता, तीन-साडेतीन वर्षांची असतानाच पाट्या वाचू लागतात. कळणं मागे, वाचणं पुढे. बोलण्यात अडखळणारा मुलगा फलाटावरची देवनागरी आणि रोमन नावं घडाघडा वाचतो तेव्हा घरच्यांना वाटतं, काही काळजी नाही, हुशार आहे. हुशार तर तो आहेच. पण वाचणं पुढे आहे म्हणून संवादासाठीची मदत लांबणीवर पडते, ते बरं नव्हे.

आणि भाषा कुठली? विठ्ठलवाडीच्या एका बाजूला कल्याण पूर्व, दुसऱ्या बाजूला उल्हासनगर, म्हणजे फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांची वस्ती. इथल्या मुलाच्या कानांवर मराठी, सिंधी, हिंदी, आगरी, आणि मोबाइलमधलं इंग्रजी एकाच दिवसात पडतं. अशा घरातलं एखादं ऑटिस्टिक मूल अचानक इंग्रजीच बोलू लागतं, तेही परदेशी कार्टूनच्या उच्चारात, आणि घरात तशी इंग्रजी कुणी बोलत नाही. हा फक्त आपल्याकडचा प्रकार नाही. मिखाइल किसीन आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये ट्युनिशियातल्या ऑटिस्टिक मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तिथे घरात, बाजारात बोलतात ती ट्युनिशियन अरबी. टीव्हीवरच्या कार्टूनची ती प्रमाण अरबी, जी बोलचालीत कुणी वापरत नाही. काही ऑटिस्टिक मुलं तीच ग्रांथिक अरबी बोलत होती. माणसांशी संवाद साधत साधतच भाषा शिकता येते, या पक्क्या समजुतीला या मुलांनी धक्का दिला आहे. नुसतं ऐकून, बघून, कुणाशी न बोलता एखादी अख्खी भाषा मनात उतरू शकते? हा प्रश्न अजून उघडा आहे आणि मला तो भाषेबद्दलच्या सगळ्यांत मोठ्या प्रश्नांपैकी एक वाटतो.

याच जागी पालकांना एक सल्ला वारंवार मिळतो: घरात एकच भाषा ठेवा, मुलाचा गोंधळ होतो. मग सिंधी आजी, कोकणी आजोबा, हिंदीतून बोलणारी मावशी, सगळे गप्प होतात. या सल्ल्यामागे पुरावा नाही. कॅनडात कॅथरीन हॅम्ब्ली आणि एरिक फोम्बोन यांनी २०१२ मध्ये एका भाषेत आणि दोन भाषांत वाढणाऱ्या ऑटिस्टिक मुलांची तुलना केली. दोन भाषांमुळे मुलं अधिक मागे पडलेली दिसली नाहीत. नंतरच्या अभ्यासांनीही तेच सांगितलं. आजीला बोलू द्या. तिच्या भाषेत जी माया आहे ती दुसऱ्या भाषेत तिला आणता येणार नाही.

शब्दांच्या आधीचीही एक भाषा असते आणि तिच्यातला फरक सगळ्यांत लवकर दिसतो. वर्षभराचं बाळ बोट दाखवतं. एक बोट मागण्यासाठी: ते दे. दुसरं बोट नुसतं दाखवण्यासाठी: बघ, विमान! आणि मग वळून बघतं, तुम्ही पाहिलंत का. ऑटिस्टिक मुलांत हे दुसरं बोट उशिरा येतं किंवा येतच नाही, हे सायमन बॅरन-कोहेन यांनी १९८९ मध्ये दाखवलं, आणि दीड वर्षाच्या मुलांच्या चाचणीत तेव्हापासून ‘नुसतं दाखवायला बोट करतो का’ हा प्रश्न महत्त्वाचा झाला. बोटाऐवजी ही मुलं तुमचं मनगट धरतात आणि तुमचा हात डब्याच्या झाकणावर नेऊन ठेवतात. चेहऱ्याकडे न बघता. आईला वाटतं, माझा हात पकडीसारखा वापरतोय. पण त्याला ठाऊक आहे की डबा या हातानं उघडतो, आणि त्यानं तो हात योग्य जागी आणला. निरोप पोचला की नाही?

काही मुलं पाच-सहा वर्षांची झाली तरी बोलत नाहीत. त्यांच्या हाती चित्रं द्यायची, ती दाखवून किंवा दाबून बोलू द्यायचं, ही सोय आता मराठीतही आहे. आयआयटी मुंबईच्या आयडीसी डिझाइन स्कूलनं मुंबईच्या ‘उम्मीद’ बालविकास केंद्राच्या मदतीनं ‘जेलो’ नावाचं अ‍ॅप केलं. चित्र दाबलं की ते बोलतं. पालकांना भीती वाटते की चित्रांची सवय लागली तर तोंड उघडणारच नाही. २००६ मध्ये डायन मिलर, जॅनिस लाइट आणि राल्फ श्लोसर यांनी आधीच्या अभ्यासांतली २७ उदाहरणं एकत्र तपासली. त्यांतल्या ८९ टक्क्यांत बोलणं वाढलं, बाकीच्यांत जैसे थे राहिलं. कमी एकाचंही झालं नाही.

बोलणाऱ्या मुलांच्या घरात एक वेगळाच, आणि मराठीत फार मजेदार, उपाय करावा लागतो. मूल तुमचं वाक्य जसंच्या तसं उचलणार असेल, तर त्याला उचलण्याजोगं वाक्य द्या. ‘दमलास का?’ असा प्रश्न टाकू नका, त्याच्या वतीनं बोला. म्हणजे आईनं म्हणायचं, ‘दमलो मी. झोपायचंय मला.’ दमलो! बाई आहे, पण पुल्लिंगी बोलायचं. मुलगी असेल तर बाबांनी म्हणायचं, ‘जेवले मी. पोट भरलं.’ पहिल्यांदा ऐकणारे शेजारी चमकतात, सासूबाई विचारतात हे काय खूळ. खूळ नाही. मुलाचा प्रतिध्वनी आता बरोबर निघतो, आणि बरोबर निघाला की त्याला हवं ते मिळतं, आणि मिळालं की तो पुन्हा तसंच बोलतो. वाचा-उपचारात ही पद्धत इंग्रजीतही आहे. पण तिथे फक्त सर्वनाम बदलतं. मराठीत आईबापांना पुल्लिंग-स्त्रीलिंगही मुलासाठी बदलावं लागतं, आणि ते किती पटकन जमून जातं हे पाहून मी थक्क झालो आहे.

बदल एकाच बाजूनं करायचा नसतो, याला अलीकडे चांगला आधार मिळाला आहे. एडिंबरो विद्यापीठातल्या कॅथरीन क्रॉम्प्टन आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये मोठ्या माणसांना कानगोष्टींचा खेळ खेळायला लावला. आठ-आठ जणांच्या साखळ्या: काही नुसत्या ऑटिस्टिक, काही नुसत्या बिगर-ऑटिस्टिक, काही मिसळलेल्या. गोष्ट एकाकडून दुसऱ्याकडे जाताना किती टिकते? ऑटिस्टिक माणसांच्या साखळीत ती इतरांच्या साखळीइतकीच टिकली. गळती वाढली ती मिसळलेल्या साखळीत. म्हणजे दोष एका टोकाला नव्हता. दोन वेगळ्या रीतींची माणसं समोरासमोर आली की निरोप मध्ये सांडतो.

आपल्याकडे निदानासाठी सिकंदराबादच्या, बौद्धिक दिव्यांगांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेनं तयार केलेली, २००९ मध्ये आलेली आयसा ही मोजपट्टी वापरतात. तिच्यात ४० बाबी आहेत आणि त्यांतल्या ९ बोलण्या-संवादाच्या. आलेलं बोलणं नाहीसं होणं, प्रतिध्वनी, मी-तू ची अदलाबदल, हावभावांची अडचण, हे सगळं तिथे एकेका ओळीत आहे. २०१६ च्या अपंगत्व हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे, त्यामुळे प्रमाणपत्र मिळतं, सवलती मिळतात. अंगणवाडीत वर्षातून दोनदा येणारं राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शंका आली तर जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतं. हा कार्यक्रम २०१३ पासून आहे आणि फुकट आहे. कानांची तपासणी आधी करून घ्यावी, कारण ऐकू कमी येणाऱ्या मुलाचंही बोलणं लांबतं. वांद्र्याची अली यावर जंग संस्था त्यासाठी १९८३ पासून उभी आहे.

‘मुलगे उशिराच बोलतात, याचा काकाही पाच वर्षांचा होईपर्यंत बोलला नव्हता’ हे वाक्य मात्र मला ऐकवत नाही. त्या काकाला मदत मिळाली असती तर त्याचं लहानपण किती सोपं झालं असतं, हे कुणी विचारत नाही. आणि उलट टोकाचं वाक्य, ‘पाचव्या वर्षापर्यंत बोलला नाही तर आता कधीच नाही’, तेही खरं नाही. बाल्टिमोरच्याच केनेडी क्रीगर संस्थेतल्या एरिका वोडका आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये ५३५ ऑटिस्टिक मुलांची माहिती पाहिली. चौथ्या वर्षी या सगळ्यांचं बोलणं फार मागे होतं. अनेकांना दोन शब्दही जोडता येत नव्हते. आठव्या वर्षी किंवा त्यानंतर पाहिलं तेव्हा ७० टक्के मुलं शब्द जोडून बोलत होती, आणि ४७ टक्के सलग वाक्यांत.